रक्त लावताना नाव कोण विचारतं? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे अनुभव सांगा

जांबोटीवाट

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते मनातून जाईना, म्हणून धागा काढतेय.

आई ६८ वर्षांची. परसात शेवाळावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बेळगावातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन केलं. (नाव लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नका.) ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन ७.१ वर आलं, म्हणून डॉक्टरांनी दोन पिशव्या रक्त लावायला सांगितलं. पहिली संध्याकाळी लागली, काही त्रास झाला नाही. दुसरी रात्री दीडच्या सुमारास आली.

मी पलंगाशेजारी चटईवर पडले होते. सिस्टर आल्या, पिशवी स्टँडला अडकवली आणि आईला विचारलं, "पाटील आज्जी ना?" आईनं डोळे न उघडता "हां" म्हटलं. आईला कुणी काही विचारलं की ती आधी हां म्हणते, मग ऐकते. त्यात भूल आणि दुखण्याची औषधं. सिस्टर नळी जोडणार तेवढ्यात मी उठून बसले आणि पिशवीला बांधलेली चिठ्ठी माझ्या तोंडासमोर आली. नाव आईचं, आडनाव आईचं. वय ३४.

मी म्हटलं, "सिस्टर, वय बघा की." त्यांनी चिठ्ठी उलटून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. पिशवी बी पॉझिटिव्ह होती. आई ओ पॉझिटिव्ह. वरच्या मजल्यावर त्याच नावाची एक बाळंतीण होती, तिच्यासाठी मागवलेलं रक्त आमच्याकडं आलं होतं. आईचं नाव असं आहे की आमच्या एका गल्लीत त्या नावाच्या चौघी सापडतील.

सिस्टर पिशवी घेऊन धावत गेल्या. परत आल्यावर पाच मिनिटं त्या आईचा हात धरून बसल्या होत्या. माझा त्यांच्यावर राग नाही. त्या रात्री तीस पलंगांना त्या एकट्या होत्या.

मला त्रास झाला तो सकाळी. मी जबाबदार माणसाला भेटून सगळं सांगितलं, तर उत्तर आलं, "लागलं नाही ना? मग देवाची कृपा समजा." केसपेपरवर एक अक्षर लिहिलं गेलं नाही. म्हणजे दवाखान्याच्या कागदांवर त्या रात्री काहीच घडलेलं नाही. उद्या तिथंच दुसऱ्या कुणाच्या आईला चुकीची पिशवी लागली, तर हे आधी एकदा होता होता राहिलं होतं हे कुणाला माहीत असणार?

रक्त देण्यावर देखरेख नक्की कोण ठेवतं? आणि आपण नातेवाइकांनी काय बघायचं? जाणकारांनी सांगावं.

---

निपाणीकर७७

ताई, वाचून अंगावर काटा आला. आई सुखरूप आहेत हे महत्त्वाचं.

माझा अनुभव वेगळा आहे, पण विचारायचं राहून गेलंय. दोन वर्षांपूर्वी वडिलांना रक्त लावलं होतं. निपाणीहून आम्हांला कोल्हापूर जवळ, त्यामुळं तिकडं नेलं होतं. पिशवी सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली आणि ते हुडहुडायला लागले, दात वाजत होते, कंबर दुखते म्हणाले. मी सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "रक्त फ्रीजमधलं असतं, गार लागतं, पांघरूण घाला." घातलं. पिशवी चालूच. पुढं तापही आला. ते बरे झाले, घरी आले. पण हे बरोबर होतं का?

---

लाल_पेशी

जांबोटीवाट ताई, निपाणीकर, दोघांनाही सविस्तर लिहितो. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून एकोणीस वर्षं काम करतोय, सीमाभागातच. लांबेल, पण लांबू दे.

आधी निपाणीकरांचं. नाही, ते बरोबर नव्हतं. रक्त गार असतं हे खरं, पण थंडी वाजून हुडहुडी भरणं, ताप, कंबर किंवा छाती दुखणं, दम लागणं, अंगावर गांध्या उठणं, लघवी लाल किंवा काळपट होणं, यातलं काहीही दिसलं की पहिलं काम एकच: पिशवी बंद. सुई काढायची नाही, शीर चालू ठेवायची, पण नळी बदलून साधं सलाइन लावायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पांढऱ्या पेशींमुळं येणारा ताप किंवा ॲलर्जी. पण चुकीच्या गटाचं रक्त गेलं असेल तरी सुरुवात अशीच होते, आणि पलंगाशी उभं राहून या दोन्हींतला फरक कुणालाही सांगता येत नाही. म्हणून आधी थांबवायचं आणि मग शोधायचं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय होतं ते आता कळणार नाही, कारण ती पिशवी पिवळ्या कचऱ्याच्या पिशवीत गेली असणार.

ती पिशवी आमच्याकडं परत यायला हवी होती. उरलेलं रक्त, नळीसकट, आणि पेशंटचा ताजा नमुना, लघवीचा नमुना. आम्ही सगळ्यात आधी मशीनला हात लावत नाही, कागद बघतो. नाव, आयपी नंबर (दवाखान्यात दाखल होताना पेशंटला मिळतो तो), पिशवीचा नंबर, गट, सगळं पुन्हा जुळवतो. मग पेशंटचा रक्त लावण्याआधीचा नमुना आणि नंतरचा नमुना दोन्ही फिरवून नळ्या शेजारी शेजारी उजेडात धरतो. पेशी खाली बसल्यावर वरचं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळसर दिसायला हवं. नंतरच्या नळीत ते गुलाबी दिसलं की पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ पेशी शरीरात फुटताहेत. मग गट पुन्हा, क्रॉसमॅच (दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का ते बघणं) पुन्हा, पेशींना प्रतिद्रव्यं चिकटलीत का ते दाखवणारी कूम्ब्स चाचणी, आणि जंतू आहेत का ते बघायला पिशवीतल्या रक्ताचं कल्चर. आम्ही दात्याचा आणि पेशंटचा थोडा नमुना रक्त दिल्यावरही सात दिवस जपून ठेवतो तो याचसाठी.

आता ताईंचं. लोकांना वाटतं की रक्ताची चूक म्हणजे लॅबमध्ये गट चुकीचा निघाला. तसं फार क्वचित होतं. जगभर जिथं जिथं या चुकांची नोंद ठेवतात तिथं हेच दिसलंय की चूक दोन जागी होते: नमुना घेताना नळीवर दुसऱ्याचं नाव पडतं, किंवा पलंगापाशी पिशवी दुसऱ्याच माणसाला लागते. मधल्या सगळ्या चाचण्या अचूक असल्या तरी या दोन जागा मोकळ्या राहतात. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट मांडले, त्याला सव्वाशे वर्षं होत आली, आणि अजून माणूस दगावतो तो नाव न विचारल्यामुळं.

देखरेखीचं असं आहे. रक्त हे औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली औषध मानलं जातं. आमच्या पेढीला परवाना लागतो, निरीक्षक येतात, फ्रीजचं तापमान, रजिस्टर, चाचण्यांचे किट सगळं तपासतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासणी बंधनकारक आहे. पण ही सगळी नजर पिशवी आमच्या खिडकीतून बाहेर जाईपर्यंतची. तिथून पलंगापर्यंतच्या वाटेवर औषध निरीक्षक उभा नसतो. तिथं दवाखान्याची स्वतःची शिस्त असते, किंवा नसते.

त्या वाटेसाठीच १० डिसेंबर २०१२ रोजी देशात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. नोएडाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायॉलॉजिकल्स तो चालवते. रक्त लावल्यावर कुठलाही त्रास झाला की दवाखान्यानं ठरलेला फॉर्म भरायचा, रक्तपेढीनं तपास करायचा आणि हिमो-व्हिजिल नावाच्या संगणक प्रणालीवर नोंद पाठवायची. १४ जून २०१५ पासून रक्त देताना दात्याला होणाऱ्या त्रासाचीही नोंद होते. यात कुणाला शिक्षा होत नाही, नावं गुप्त राहतात. पण तो ऐच्छिक आहे. आमच्याकडून पिशवीसोबत जी चिठ्ठी जाते तिचा खालचा अर्धा भाग त्रासाची माहिती लिहून परत पाठवण्यासाठी असतो. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा कोराच येतो, किंवा येतच नाही.

आणि ताई, तुमच्याकडं जे झालं ती टळलेली चूक. ब्रिटनमध्ये १९९६ पासून अशी नोंदयंत्रणा आहे आणि तिथं टळलेल्या चुकाही मोजतात, कारण दगावलेल्या एका माणसामागं अशा कितीतरी रात्री आधी होऊन गेलेल्या असतात. तुम्ही लेखी द्या. दवाखान्यात रक्त संक्रमण समिती असेल तर तिच्या नावानं द्या.

---

वडगावची_वैनी

लाल_पेशी भाऊ, छान समजावलंत. एक विचारू? माझ्या जावेच्या वेळी पिशवी गार आहे म्हणून आम्हांला सांगितलं की अर्धा तास काखेत धरून बसा. माझ्या दिराने धरली होती. शेजारच्या पलंगावर तर बादलीत कोमट पाण्यात ठेवली होती. हे चालतं का?

---

लाल_पेशी

वैनी, अजिबात नाही. काखेतही नाही, पाण्यातही नाही, खिडकीतल्या उन्हातही नाही. रक्त किती गरम झालं हे कळत नाही, पेशी फुटतात आणि जंतू वाढायला वेळ मिळतो. खूप जलद, भरपूर रक्त द्यायचं असेल तर त्यासाठी तापमान दाखवणारं वेगळं यंत्र असतं. एरवी हळूहळू जाणारं रक्त थेट लावलं तरी चालतं.

लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवतात. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात लावायला सुरुवात व्हावी आणि चार तासांत संपावी. उशीर होणार असेल तर वॉर्डातल्या इंजेक्शनच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही, तशीच लगेच पेढीत परत करायची. अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर राहिली तर आम्ही ती परत साठ्यात घेत नाही. रक्त आणायला नातेवाइकालाच पाठवतात आणि तो बिचारा मोटरसायकलच्या डिक्कीत घालून येतो, वाटेत चहाला थांबतो. बर्फाच्या डब्यातून आणा, पण पिशवी बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं तरी पेशी फुटतात. प्लेटलेट्स मात्र उलट्या. त्या २० ते २४ अंशांत हलवत ठेवायच्या असतात आणि पाच दिवसच टिकतात. त्यांना फ्रीज नाही.

---

चिकोडीची_सिस्टर

मी सरकारी नोकरीत आहे, त्यामुळं जास्त सांगत नाही. पण आमच्या बाजूनंही कुणीतरी लिहायला पाहिजे.

त्या सिस्टरची चूक झाली. "पाटील आज्जी ना?" असं विचारायचंच नसतं. "तुमचं नाव सांगा" असं विचारायचं आणि पेशंटच्या तोंडून पूर्ण नाव ऐकायचं. आम्हांला शिकवतात तेव्हा हे पहिल्या दिवशी सांगतात. मग ते नाव, हातातल्या पट्टीवरचा आयपी नंबर, केसपेपर आणि पिशवीची चिठ्ठी, चारही जुळवायची. एक सिस्टर वाचणार, दुसरी बघणार, दोघींची सही. पेशंट बेशुद्ध असेल तर पट्टीशिवाय पर्याय नाही. हे सगळं पलंगाशी उभं राहून करायचं, टेबलावर बसून नाही. पिशवी सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं हळू सोडायची आणि तिथंच थांबायचं. नाडी, बीपी, ताप सुरू करण्याआधी एकदा, पंधरा मिनिटांनी एकदा आणि संपल्यावर एकदा.

आता तुम्हीच सांगा, रात्री तीस पलंगांना एकटी असलेली बाई दुसरी सिस्टर कुठून आणणार? एकीकडं ताप आलेलं पोर, दुसरीकडं उलटी, फोन वाजतोय, आणि पंधरा मिनिटं एका पलंगाशी उभं राहायचं. आम्ही धावत असतो म्हणून चुकतो. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय: जीव धोक्यात नसेल तर रात्री रक्त लावायचं नाही, सकाळी लावायचं. डॉक्टरांनाही पटतं, आपण सांगितलं तर.

दुसरी गोष्ट फक्त आपल्या भागातली आहे. नावं. आधार कार्डावर नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, पेशंट सांगतो मराठीत, टाइप करणारा आपल्या कानानं लिहितो. लक्ष्मी कधी एक्स घालून, कधी के-एस-एच घालून. एकाच बाईच्या तीन कागदांवर तीन स्पेलिंग मी बघितल्यात. कुणाच्या नावात वडलांचं अक्षर आधी, कुणाच्या नवऱ्याचं नाव मध्ये. आणि म्हाताऱ्या बायकांची तर दोन नावं असतात! लग्नात नाव बदललेलं. केसपेपरवर आधारप्रमाणे माहेरचं नाव आणि सुना-नातवंडं हाक मारतात ती सासरच्या नावानं. म्हणून नावावर कधीच भरवसा ठेवू नका. आयपी नंबर जुळला तरच जुळलं.

---

सीमावासी

सिस्टर नावाचं बोलल्या, मी कागदाचं बोलतो. रक्त लावण्याआधी संमतीपत्रावर सही घेतात. ते एकतर इंग्रजीत, नाहीतर कन्नडमध्ये. माझी आई नंदगडच्या शाळेत मराठी चौथी शिकलेली. तिनं कशावर सही केली ते तिला आजही माहीत नाही. आमच्या भागावर अन्याय झालाय तो इथंही दिसतो. एवढी वर्षं लढून साधा एक कागद मराठीत मिळत नाही. तिकडचं सरकारही फक्त निवडणुकीला आठवण काढतं, आणि

---

धागापाल

सीमावासी, तुमची कळकळ खरी आहे, पण सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत. इथं रक्ताबद्दलच बोलूया. तुमचा मुद्दा संमतीपत्रापुरता ठेवून उरलेला मजकूर काढला आहे.

---

सीमावासी

ठीक आहे. मग एवढंच म्हणतो: ज्याला रक्त लावायचं त्याला समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यायची असते. कागद मराठीत नसला तरी तोंडानं मराठीत सांगायला लावा. "का लावताय, न लावता चालेल का, त्रास काय होऊ शकतो" हे तीन प्रश्न विचारा. बेळगावातले कितीतरी कन्नड डॉक्टर सुरेख मराठी बोलतात, विचारलं की नीट सांगतात. आपण विचारत नाही ही आपलीही चूक.

---

तिसऱ्या_आठवड्याचे_बाबा

माझ्या मुलाला थॅलेसेमिया आहे, म्हणजे अंगात रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार. वय ११. दर तीन आठवड्यांनी आम्ही बेळगावला जातो, खानापूर तालुक्याच्या टोकाहून, पहिल्या एसटीनं. आतापर्यंत दीडशेच्या वर पिशव्या लागल्यात. त्यामुळं माझ्याएवढं पिशव्यांकडं बघितलेला माणूस दवाखान्यातल्या लोकांशिवाय नसेल.

मी वही ठेवली आहे. लांब वही, लाल कव्हरची. प्रत्येक पिशवीचा नंबर, रक्तपेढी, गट, रक्त घेतल्याची तारीख, संपण्याची तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता संपली, काही त्रास. पहिल्या दोन वर्षांत सिस्टर विचारायच्या, "कशाला लिहिता?" आता नव्या सिस्टर आल्या की जुन्या सांगतात, "त्यांना लिहू द्या." एकदा वहीमुळंच लक्षात आलं की एका विशिष्ट महिन्यात प्रत्येक पिशवीला पोराला ताप येतोय. डॉक्टरांना दाखवलं. तेव्हापासून पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त देतात, ताप बंद झाला.

रक्त बाहेरून स्वच्छ दिसतं, पण विषाणूची लागण होऊन चाचणीत दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात. डिसेंबर २०१८ मध्ये तमिळनाडूत सात्तूरच्या एका गरोदर बाईला एचआयव्हीचं रक्त लागलं. ते कळलं कसं? रक्त देणाऱ्या तरुणाची परदेशी जाण्यासाठी तपासणी झाली, त्यात निघालं, आणि तो स्वतः येऊन सांगून गेला. त्यानं सांगितलं नसतं तर? मी त्या मुलाबद्दल खूप विचार केलाय. म्हणून गावात शिबिर असलं की मी दात्यांच्या रांगेपाशी उभा राहून सांगतो: फॉर्ममधले प्रश्न लाजून खोटे भरू नका, आणि घरी गेल्यावर काही आठवलं तर पेढीला फोन करा, पिशवी बाजूला काढतात. एवढा एक फोन माझ्या पोराच्या कामाचा आहे.

थॅलेसेमियाच्या पालकांनो, तुमच्या तालुक्यात कुणी असेल तर मला निरोप पाठवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे, प्रमाणपत्र काढून घ्या, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

---

उगारचा_वाचक

मला या धाग्याबद्दल काळजी वाटते. आधीच आपल्याकडं लोक रक्त लावून घ्यायला घाबरतात. बाळंतिणी नको म्हणतात, सासू नको म्हणते. हे वाचून उद्या कुणी गरज असताना नकार दिला तर? रक्तानं वाचलेली माणसं मोजली तर लाखांत जातील. हेही लिहा.

---

लाल_पेशी

उगारकर, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि कुणी गैरसमज करून घेऊ नये. बाळंतपणात रक्त वाहायला लागलं की रक्त हेच औषध, दुसरं नाही. तिथं एक मिनिटही घालवू नका. पण मी हेही बघितलंय की हिमोग्लोबिन ९ असलेल्या, चालत्या-बोलत्या माणसाला "थोडी ताकद यावी" म्हणून एक पिशवी लावतात. ताकदीसाठी रक्त नसतं. लोहाच्या गोळ्या, लोहाचं इंजेक्शन यानं जे भरून येतं त्याला रक्त लावणं म्हणजे नसता धोका पत्करणं. म्हाताऱ्या माणसाला भराभर रक्त दिलं तर फुप्फुसात पाणी होऊन दम लागतो, हृदय थकतं. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि त्यात कुणाचाही गट चुकलेला नसतो. गरज नसलेली पिशवी न लावणं हीसुद्धा देखरेखच.

---

घाटमाथा

एक माहिती आपल्या भागासाठी. बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. साध्या चाचणीत हा माणूस ओ दिसतो, पण त्याला ओ रक्तही चालत नाही, फक्त त्याच गटाचं चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा अंदाज सांगतात, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पट्ट्यात असे लोक सापडतात. माझ्या मामाचा गट आयुष्यभर ओ म्हणून कार्डावर होता. ऑपरेशनच्या वेळी एकही ओ पिशवी जुळेना, तेव्हा पेढीतल्या मॅडमनी उलटी चाचणी (पेशींऐवजी रक्तातल्या पाण्यावरून गट बघणारी) पुन्हा केली आणि उलगडा झाला. त्यांनी घाईत "ओ आहे, द्या" म्हटलं असतं तर मामा आज नसते. भावंडांत हा गट असण्याची शक्यता जास्त, म्हणून आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं. मावशी निघाली.

---

निपाणीकर७७

तक्रार करायची झाली तर कुठं, हे कुणी सांगेल का? महाराष्ट्रात वेगळं, इकडं वेगळं असं असतं का?

---

कोर्टवाट_वकील

रक्ताचा कायदा केंद्राचा आहे, दोन्हीकडं तोच. पिशवी कोल्हापूरची असो की बेळगावची, तपासणी आणि परवान्याचे नियम सारखे. रक्तपेढीबद्दल शंका असेल तर राज्याच्या औषध नियंत्रण खात्याकडं. कर्नाटकात खासगी दवाखान्याबद्दल असेल तर २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली जिल्ह्यात नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. अर्ज मराठीत दिलात तरी सोबत इंग्रजी प्रत जोडा, फिरवाफिरव होत नाही.

त्याआधी एक करा: केसपेपरच्या प्रती लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रक्त लावल्याची नोंद, पिशवीचा नंबर, वेळ, सह्या, सगळं त्यात असायला हवं. आणि कुणी रक्ताची "किंमत" मागत असेल तर पावतीवर काय लिहिलंय बघा. रक्त विकता येत नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घेता येतं. दवाखान्याबाहेर पैसे घेऊन रक्त देणारा माणूस गाठून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे, आणि पैशासाठी रक्त देणारा फॉर्ममध्ये खरं लिहीत नाही.

---

जांबोटीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. काय झालं ते सांगते.

मी एक पानाचं पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, भाचीनं इंग्रजी केलं. त्यात त्या सिस्टरचं नाव घातलं नाही, मुद्दाम. तारीख, वेळ, दोन्ही पलंगांचे नंबर, पिशवीवर काय वय होतं, आणि रात्री किती पलंगांना किती सिस्टर होत्या एवढंच. खाली लिहिलं की आम्हांला कुणावर कारवाई नको, ही टळलेली चूक नोंदवून घ्यावी आणि समितीपुढं ठेवावी. पहिल्या दिवशी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिथंच बाकावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बोलावलं, कन्नड माणूस, मराठीत बोलले. पत्र वाचलं, आवक नंबर घालून प्रत दिली. म्हणाले, एकाच नावाचे दोन पेशंट असले की केसपेपरवर आणि पट्टीवर लाल खूण करायची असं सुरू करतो. वरच्या मजल्यावरची बाळंतीण आणि बाळ दोघं ठीक आहेत, तेही विचारून घेतलं.

काल आईचं हिमोग्लोबिन पुन्हा उतरलं, या वेळी ७ च्याही खाली, आणि अजून एक पिशवी लागणार हे ठरलं. मीच विचारलं, सकाळी लावता येईल का? डॉक्टर हो म्हणाले. (चिकोडीच्या सिस्टर, हे तुमच्यामुळं.)

सकाळी त्याच सिस्टर होत्या. सोबत दुसऱ्या एक. त्यांनी विचारलं, "आज्जी, तुमचं नाव सांगा, पूर्ण." आईनं डोळे उघडले, थोडा विचार केला आणि माहेरचं नाव सांगितलं. वडलांच्या नावासकट. मला ते नाव तिच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली असतील. चिठ्ठीवर सासरचं नाव.

सिस्टर थांबल्या. पिशवी ट्रेमध्ये परत ठेवली. मला वाटलं आता हसून पुढं जातील, पण नाही. पट्टीवरचा आयपी नंबर एकीनं मोठ्यानं वाचला, दुसरीनं चिठ्ठीवरचा. एकेक आकडा. मग आधार कार्ड मागितलं, दोन्ही नावं केसपेपरवर लिहिली, गट बघितला, पिशवीचा नंबर बघितला, तारीख बघितली, दोघींनी सह्या केल्या. १० वाजून ४० मिनिटांनी रक्त सुरू झालं. सिस्टर स्टूल ओढून बसल्या आणि पंधरा मिनिटं उठल्या नाहीत. आई त्यांना माहेरच्या विहिरीबद्दल सांगत होती.

१ वाजून २५ ला पिशवी संपली. मी वहीत लिहिलंय. निळ्या कव्हरची आहे, लाल मिळाली नाही.